वाचकांचे प्रश्न : पियानोवर तयारी मोठी की भाव?

मागच्या अंकात मी या सदरात एक वाक्य लिहिलं होतं, की मोबाईलवर जे सुपरफास्ट पियानोचे व्हिडिओ फिरून राहिले आहेत त्यातले बरेचसे पाहून मी थक्क होतो पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. काही पत्रं रागाची आहेत, काही अगदी मनापासूनची. नावं छापत नाही, गावाकडचा अंदाज तेवढा देतो.

प्रश्न : नमस्कार सर. मी वडसा तालुक्यातला, वीस वर्सं झाले झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली का सीझन सुरू, मंग रातच्या रात बसाचं. माहा पुतण्या बारावीत हाय, तो मोबाईलवर पियानोवाले पाह्यते आन मले दाखवते, का काका पाहा एका मिनिटात किती सूर हाणते हा. मी म्हटलं बाबू, बैलाइच्या शंकरपटात सेकंद मोजतेत, रातच्या नाटकात कोणी मोजत नाई. तं तो म्हणते काका, तुमाले जमत नाई म्हून तुमी असे बोलता. मले राग नाई आला पण त्या रात्री झोप नाई लागली. खरंच, जमत नाई म्हून बोलतो का मी? त्या लोकाइचं वाजवणं भारीच हाय, पण डोळ्यात पाणी नाई येत. माह्या ऑर्गनवर पहाटे चार वाजता पद सुरू झालं का बाया रडतेत. मंग खरं कोण?

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पुतण्याचं बोलणं तुम्ही मनाला लावून घेतलं आणि स्वतःला प्रश्न विचारला हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडं बहुतेक जण इथं विषय बंद करतात. "नुसती कसरत आहे हो, त्यात जीव नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. गवयांच्या मैफलीतही हेच चालतं, तयारीचा गवई आला की मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणणारच की सर्कस आहे. आणि खरं सांगायचं तर असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती तान घेता येत नसते. म्हणून पुतण्याला इथं अर्धे मार्क द्या.

आता बाकीच्या अर्ध्याकडं येतो, त्यासाठी आधी यंत्र बघावं लागेल. तुमच्या ऑर्गनला हवा आहे. पट्टी दाबून धरली की हवा आहे तोवर सूर उभा राहतो, आणि लहानमोठं करायचं तर पायानं. पेटीवालाही भात्यावर तेच करतो. म्हणजे पट्टी दाबून झाल्यावरसुद्धा सूर तुमच्या हातात (पायात म्हणा) असतो. पियानोत तसं काहीच नाही. पियानोची पट्टी साधारण एक सेंटीमीटर खाली जाते, तेवढ्यात आत फेल्ट लावलेली एक छोटी हातोडी तारेकडं फेकली जाते, आणि फेकली जाते म्हणजे खरोखर फेकली जाते, तारेला लागायच्या जरा आधी ती पट्टीपासून सुटते आणि मोकळीच जाऊन आदळते. एकदा सुटली की तुम्ही बोट हलवा, डोळे मिटा, मान डोलवा, त्या सुराला काही फरक पडत नाही. त्यानंतर सूर फक्त विरत जातो. फुगवता येत नाही, मींड घेता येत नाही, कंप देता येत नाही.

मग पियानो वाजवणाऱ्याच्या हातात उरलं काय? पट्टी किती वेगानं दाबली, नेमकी कधी दाबली, कधी सोडली, आणि पायाखालचं पेडल. एवढंच. सगळं दुःख, सगळा आनंद, सगळी प्रार्थना या चार गोष्टींतूनच बाहेर यायची आहे, दुसरी वाटच नाही. म्हणून मी म्हणतो की पियानोवर भाव आणि तयारी असे दोन पक्ष करून भांडणं हेच मुळात चुकीचं आहे. भाव हीच तिथली सगळ्यात अवघड तयारी आहे. स्पीड हा तयारीचा एक भाग आहे, डोळ्यांना लगेच दिसणारा, म्हणून व्हिडिओत तोच चालतो.

एक उदाहरण देतो, पुतण्याला हेच लावून दाखवा. लिस्ट या जुन्या पियानोवाल्याची 'ला काम्पानेला' त्यानं नक्कीच पाहिली असणार, सगळे तीच दाखवतात. मूळ चाल पॅगानिनी या व्हायोलिनवाल्याची, लिस्टनं ती पियानोवर आणली आणि आज वाजवतात ते रूप १८५१ चं. उजवा हात सारखा खाली चाल वाजवतो आणि वरच्या टोकाच्या एका सुरावर उडी मारून परत येतो, काही उड्या दोन-दोन सप्तकांच्या. मुलं त्या उड्या मोजतात. पण त्या नावाचा अर्थ छोटी घंटी! तो वरचा सूर घंटीसारखा लागला पाहिजे, बारीक, लांबून आल्यासारखा, पोळ्याला बैल वेशीकडं यायला लागले की दिसायच्या आधी त्यांच्या घाट्या ऐकू येतात ना, तसा. आता दोन सप्तकं उडी मारून इतक्या वेगात आलेला हात आपल्या वजनानं धाडकनच पडणार, तो त्याचा स्वभाव आहे. त्याला शेवटच्या क्षणी हलकं करून घंटी वाजवायची, आणि असं एकदा नाही, सारखं. धाडधाड उड्या मारणारे पुष्कळ आहेत. घंटी वाजवणारे थोडे आहेत, आणि माझ्या मते त्यांचीच तयारी जास्त.

मला हे कसं उमगलं ते सांगतो. मी नागपूरला सदरमध्ये एका बाईंकडं पियानो शिकायला जायचो, गावाहून एसटीनं दीड तास, आठवड्यातून दोनदा. चेर्नीचे बोटांचे व्यायाम मी फार वेगात वाजवायला लागलो होतो आणि एक दिवस बाईंना ते मुद्दाम वाजवून दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये टोकलं नाही. मग जवळ येऊन माझ्या उजव्या हाताखाली चार सूर एकदम धरून ठेवायला लावले आणि म्हणाल्या, हे चारही दाब, पण मला करंगळीचा एकटीचा ऐकू आला पाहिजे, बाकीचे तीन तिच्या मागे उभे राहू देत. मी दाबले. चारही सारखे वाजले. परत दाबले, अंगठाच मोठा वाजला. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं, घाम फुटला हो अक्षरशः. बाईंनी माझं मनगट धरलं आणि हात बाहेरच्या बाजूला इतकुसा कलता केला, भरलेली घागर कमरेवर घेताना अंग कलतं ना, तितकाच. करंगळीची हातोडी बाकीच्यांपेक्षा, कानाला कळणार नाही इतकी आधी आणि जोरात पोचली, आणि त्या चार सुरांच्या ढिगातून एक आवाज गायला लागला. मला तीन आठवडे लागले ते एकट्यानं करायला. ज्या पोराला मिनिटात शेकडो सूर येत होते त्याला एक सूर लागत नव्हता.

नंतर कळलं की बाई मला शोपॅं या संगीतकाराच्या एका रचनेसाठी तयार करत होत्या. शोपॅंनं १८३३ साली बारा एट्यूड छापल्या, एट्यूड म्हणजे अभ्यासाच्या रचना, प्रत्येकीत एकेक कसब घासून घ्यायचं. पहिलीत अख्ख्या पियानोभर पळणारा हात, दुसरीत कमजोर बोटांची परीक्षा, आणि तिसरी एकदम संथ. उजव्या हाताची वरची बोटं गातात आणि त्याच हाताची खालची बोटं हळू आवाजात साथ करतात, बाईंनी करंगळीला लावलेलं तेच काम. म्हणजे शोपॅंनं संथ गाणं हे पळण्याच्या शेजारी एकाच वहीत ठेवलं, दोन्हीला एट्यूडच म्हटलं. आणि तो पुस्तक कुणाला अर्पण करतो, तर लिस्टला! मला वाटतं या सगळ्या वादावर याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही.

आता तुमच्या बाजूचं एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पहाटे चारला बाया रडतात त्यात तुमचा ऑर्गन आहे, पण नाटकही आहे, रात्रभर पाहिलेली त्या पात्राची परवड आहे, गाणारीचा गळा आहे, थंडी आहे, शेजारी बसलेली सासरहून आलेली मैत्रीण आहे. पियानोवाल्याजवळ यातलं काही नसतं, तो एकटा, शब्द नाहीत, गोष्ट नाही. त्याच्याकडून पाणी काढायची अपेक्षा करताना हे धरायला पाहिजे. पण वीस वर्षं तुम्ही जे करून राहिले, गाणारीच्या श्वासाबरोबर थांबणं, शब्द संपला की सूर अर्धा क्षण उशिरा सोडणं, ती पण तयारीच आहे भाऊ. पुतण्याला ती दिसत नाही कारण ती दिसण्यासारखी नसतेच. एकदा त्याला तुमच्या जागेवर बसवा आणि एका पदाची साथ करायला सांगा.

प्रश्न : तुम्ही स्पीडला कमी लेखता हे पटलं नाही. मी पुसदचा, इंजिनिअरिंगला आहे, तीन वर्षांपासून डिजिटल पियानो वाजवतो. लिस्टनं टेक्निक वाढवलं म्हणून पुढचं सगळं संगीत शक्य झालं. ज्याच्याकडं टेक्निक नाही तो एक्सप्रेशनच्या नावाखाली आपलं कच्चेपण लपवतो. यावर काय म्हणाल?

कच्चेपण लपवणारे आहेत, हो. सुरांत गोंधळ झाला की डोळे मिटायचे, डोकं मागं टाकायचं, जिथं बोट अडतं तिथं ताल सोडून थांबायचं आणि त्याला भाव म्हणायचं, हे मी बरंच पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. इथं मी पूर्ण तुझ्या बाजूनं आहे. शोपॅंचे विद्यार्थी सांगतात की तो डाव्या हाताला तालात ठेवायला लावायचा आणि मोकळीक उजव्या हाताला द्यायचा. आपल्याकडं तबलजी ठेका सोडत नाही आणि गाणारा वरून लांबवतो, तोच प्रकार. दोन्ही हात एकदम ढिले पडले तर त्याला रुबाटो, म्हणजे भावासाठी ठरवून लय मागंपुढं करणं, नाही म्हणत, त्याला ताल सुटला म्हणतात.

लिस्टबद्दलही तुझं बरोबर. १८३२ मध्ये विशीतल्या पोरानं पॅरिसला पॅगानिनी ऐकला आणि पियानोवर असं का होऊ नये म्हणून झपाटल्यासारखा बसला. त्याच्या थोडं आधी, १८२१ मध्ये, एरार्ड या पियानो बनवणाऱ्यानं पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच तोच सूर पुन्हा वाजवता येईल अशी यंत्रणा आणली होती, म्हणजे वाद्य आणि हात एकमेकांना ओढत पुढं नेत होते. लिस्टच्या बारा मोठ्या अवघड एट्यूड १८५२ मध्ये पक्क्या होऊन आल्या, त्या त्यानं आपल्या गुरूला, चेर्नीला अर्पण केल्या. हे सगळं मान्य.

पण गोष्ट तिथं संपत नाही ना. हाच माणूस १८४७ मध्ये, पस्तिशीत, कमाईच्या मैफली थांबवतो. आणि १८८१ मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, 'न्यूआज ग्री' म्हणजे करडे ढग नावाची छोटी रचना लिहितो. सूर इतके थोडे की दोन-तीन वर्षं शिकलेला मुलगा ते सगळे बरोबर दाबू शकतो. दाबून बघ तू. मी सांगतो काय होईल, दुसऱ्या ओळीपर्यंत तुला कळेल की प्रत्येक सुराचं वजन तुलाच ठरवायचं आहे, लपायला स्पीड नाही, आणि दोन सुरांमधली शांतता तुझ्या अंगावर येईल. ज्या माणसानं सगळ्यात जास्त सूर वाजवले त्यानं शेवटी एवढेच का ठेवले असतील, हे तू मला वाजवून झाल्यावर लिहून कळव, खरंच कळव, मला वाचायचं आहे.

आणखी एक. तयारी वाया जात नसते, ती मागं उभी राहते. आपले वसंतराव देशपांडे, मूर्तिजापूरचा जन्म, १९२० चा. त्यांच्या तानेची तयारी काय होती हे सांगायला नको, पण ते एखादं नाट्यपद साध्या बोलांनी सुरू करायचे तेव्हाही ऐकणाऱ्याला कळायचं की या माणसाला आता कुठंही जाता येतं आणि तरी तो इथं थांबला आहे. थांबणं त्याचंच ऐकावंसं वाटतं ज्याला पळता येतं. म्हणून स्पीड सोडू नको. पण तीन वर्षं झाली म्हणतोस, तर आता रोजच्या रियाजातला निम्मा वेळ संथ वाजवण्याला दे.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची, ऑनलाईन क्लासनं कीबोर्ड-पियानो शिकते. ग्रेड परीक्षेत सूर सगळे बरोबर आले पण शेऱ्यात लिहिलं की वादनात भाव कमी आहे. तिचे सर रोज तासभर हॅननचे व्यायाम घासून घेतात. भाव कसा शिकवायचा? तो शिकवता येतो का?

ताई, येतो. आणि मुलीला "भाव नाही" असं घरात कोणी म्हणू नका, तेराव्या वर्षी ते फार लागतं. तिच्यात भाव नाही असं शेऱ्यात लिहिलेलं नाही, तिच्या बोटांतून तो अजून बाहेर येत नाही एवढंच आहे.

आधी एक तपासा. कीबोर्डला टच रिस्पॉन्स आहे का? पट्टी हळू दाबली तर बारीक आणि जोरात दाबली तर मोठा असा आवाज बदलतो का? बरेच स्वस्त कीबोर्ड कसेही दाबा एकाच आवाजात वाजतात. त्यावर शिकलेल्या मुलीच्या बोटांना लहानमोठं म्हणजे काय हे कळायचं तरी कुठून, आणि मग दोष मुलीला लागतो. काही कीबोर्डात हे बटण असतं पण बंद ठेवलेलं असतं, ते आधी बघा. टच रिस्पॉन्स नसेल तर जुनं विकून दुसरं घ्या, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं नको, एकसष्टचं चालेल, पण बोटाचा जोर ओळखणारं पाहिजे.

हॅनन वाईट नाही. ते साठ व्यायामांचं पुस्तक १८७३ चं आहे, दीडशे वर्षं जगभर पोरं घासत आली आहेत. पण तासभर एकाच आवाजात घासलं तर बोटं फक्त एकाच आवाजात वाजवायला शिकतात. त्यातला एकच व्यायाम घ्या, वीस मिनिटं. पहिल्यांदा हळू आवाजातून मोठ्याकडं जात, मग उलटं, मग उजवा हात मोठा आणि डावा बारीक, मग डावा मोठा. सूर तेच, पण आता कान कामाला लागला. उरलेली चाळीस मिनिटं गाण्याला.

आणि गाण्यालाच म्हणतो, कारण तिला आधी गायला लावा. शोपॅं आपल्या विद्यार्थ्यांना गायक ऐकायला सांगायचा. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेलच, खंजिरीवर भजन होत असेल. तिला सांगा की भजनात ओळ संपताना म्हणणारा कुठं श्वास घेतो, कोणत्या शब्दावर जोर देतो, शेवटचा शब्द कसा खाली ठेवतो ते फक्त ऐक. मग पियानोच्या धड्यातली उजव्या हाताची ओळ तिनं तोंडानं गायची, आवाज कसाही असो. जिथं गाताना श्वास घेतला तिथं पेन्सिलनं स्वल्पविराम काढायचा. आणि मग वाजवायचं, स्वल्पविरामाला हात किंचित उचलून. मोबाईलवर आधीचं आणि नंतरचं रेकॉर्ड करा आणि तिलाच ऐकवा, तुम्ही मत देऊ नका. माझ्याकडच्या मुलांवर मी हेच करतो आणि दोन-तीन आठवड्यांत मुलं स्वतःच म्हणतात की सर आधीचं टायपिंगसारखं वाजत होतं.

चेहरा करायला, अंग डोलवायला मात्र शिकवू नका. हल्ली काही क्लासमध्ये तेही शिकवून राहिले. हातोडीला चेहरा दिसत नाही.

प्रश्न : मोठमोठ्या पियानिस्टांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये चुकीचे सूर ऐकू येतात. आता कॉलेजची मुलंही एवढं चुकत नाहीत. तरी लोक त्यांनाच मोठं का म्हणतात? (आर्वी, जि. वर्धा)

कारण ते चुकण्यामुळं मोठे नव्हते. फ्रान्सचा आल्फ्रे कोर्तो चुकीच्या सुरांसाठी प्रसिद्धच आहे, पण शोपॅंच्या एट्यूडवर एकेका अडचणीसाठी वेगळे व्यायाम लिहून ज्यानं पुस्तक काढलं तोही हाच. निष्काळजी माणूस असं करत नाही. होरोवित्झ बारा वर्षं मंचापासून लांब राहून ९ मे १९६५ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परत बसला आणि सुरुवातीच्याच सुरांत चुकला. पुढं जे वाजवलं त्यासाठी लोक ती मैफल आजही ऐकतात. चूक ऐकू येते, पण ओळ कुठं चालली आहे हे त्याहून जास्त ऐकू येतं, तेव्हा कान चुकीला माफ करतो.

पण याचा उलटा अर्थ काढू नका की चुकलं तर चालतं. कोर्तोच्या त्या जुन्या रेकॉर्डच्या काळात आजच्यासारखं तुकडे जोडून दुरुस्त करणं नव्हतं. आपल्याला घरी चुकीचा सूर दुरुस्त करायला काय हरकत आहे?

होरोवित्झचंच दुसरं सांगतो. १९२५ मध्ये देश सोडलेला हा माणूस ८२ व्या वर्षी, एप्रिल १९८६ मध्ये, मॉस्कोत परत वाजवायला गेला. त्याचं चित्रीकरण आहे, जमल्यास बघा. ज्याच्या वेगाच्या आणि ताकदीच्या गोष्टी जगभर सांगितल्या जायच्या तो शूमन या संगीतकाराचं 'ट्रॉयमेराय' वाजवतो, लहानपणाच्या आठवणींवरच्या तेरा छोट्या तुकड्यांतला सातवा. संथ, सोपा, मुलांच्या हाताला बसणारा. कॅमेरा समोर बसलेल्या एका माणसाकडं जातो आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळतं, तो पुसत नाही. वडसाच्या भाऊंना वाटतं की या लोकांच्या वाजवण्यानं डोळ्यात पाणी येत नाही, त्यांनी हे मुद्दाम पाहावं.

प्रश्न : स्पर्धांमध्ये मग मार्क कशाला देतात, स्पीडला की भावाला? (वरोरा)

दोन्हीला देतात आणि त्यावरूनच भांडणं होतात. वॉर्सात १९८० च्या शोपॅं स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच नावाचा तरुण आपल्या मनानं, फार वेगळ्या पद्धतीनं वाजवत होता. परीक्षकांनी त्याला अंतिम फेरीच्या आधीच बाहेर काढलं, तर मार्था आर्गेरिच, जी स्वतः १९६५ मध्ये तीच स्पर्धा जिंकली होती, ती परीक्षक मंडळ सोडून निघून गेली. आजही लोक त्या वर्षीची हीच गोष्ट सांगतात. मला खटकतं ते हे, की त्या वर्षी जिंकला त्याचं नाव कोणी घेत नाही. तो होता व्हिएतनामचा डांग थाई सॉन, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. युद्धाच्या दिवसांत त्याच्या कुटुंबाला हनोई सोडून खेड्यात राहावं लागलं, आईच त्याची पहिली गुरू. त्याचं वाजवणं आरडाओरडा करत नाही, पहिल्या ऐकण्यात सुटूनसुद्धा जाईल, पण सूर इतका निवळलेला की मी परत परत त्याच्याकडं जातो.

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यातला शेतकरी, वय ४६. सहा एकर कापूस. भजनी मंडळात पेटी वाजवतो. यंदा पोराचा पडून असलेला कीबोर्ड काढला आन त्याच्यावर पियानो शिकाव असं मनात आलं. पण बोटं जाड झाली, भेगा पडल्या, सांधे कडक. असल्या हातानं कुठं भाव येते काय? का आता राहू द्याव?

राहू देऊ नका दादा. आणि बोटांचं म्हणाल तर मोठा हात, लहान हात, नाजूक हात असं काही ठरलेलं नाही. राखमानिनॉफचे हात अवाढव्य होते, आणि स्पेनच्या आलिसिया दे लारोचाचे इतके लहान की लोक नवल करायचे, दोघंही पहिल्या रांगेतले पियानिस्ट.

तुम्ही कापसाचं लिहिलं म्हणून सांगतो, मी लहानपणी सितादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाल्यावर आईबरोबर वेचणीला जायचो. ओटी बांधून मीपण दोन्ही हातांनी ओढत सुटायचो, कारण मजुरी किलोवर असते. आईच्या कापसात वाळली पत्ती कधी नसायची, माझ्यात असायची. ती बोंडाच्या आत तीन बोटं उघडून घालायची, टोकं टोचू न देता, आणि एका ओढीत चारही कप्पे निघून यायचे. तिला मी कधी घाई करताना पाहिलं नाही आणि संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं माझ्या तिप्पट भरायचं. ज्या बोटांना बोंडाचं टोक कुठं आहे हे न बघता कळतं त्या बोटांना पट्टी किती खोल जाते हे कळायला वेळ लागणार नाही, विश्वास ठेवा.

पेटीची एक सवय मात्र सोडावी लागेल. पेटीवर आपण पट्टी दाबून धरतो आणि डावा हात आवाज सांभाळतो, जोर कुठून आला याच्याशी बोटाला घेणं नसतं. पियानोवर बोटालाच सगळं करायचं आहे. म्हणून पहिले पंधरा दिवस गाणं नको. एकच सूर, मधला सा समजा, दहा वेळा वाजवा, पहिला जेमतेम ऐकू येईल असा आणि दहावा मोठा, मधले पायरी पायरीनं. मग उलटं. पायरी चुकली की पहिल्यापासून. डाव्या हातानंही तेच, त्याला आता भाता नाही, त्यालाही काम लागणार.

दुखलं तर त्याच क्षणी थांबा, आणि ताणून बोटं मोकळी करायचे उद्योग करू नका. ज्याचं 'ट्रॉयमेराय' वर सांगितलं त्या शूमनच्या उजव्या हाताची बोटं विशीतच चालेनाशी झाली आणि पियानिस्ट व्हायचं त्याचं कायमचं राहून गेलं. वेचणीच्या दिवसांत तर संध्याकाळी दहा मिनिटांवर बसू नका, आधी कोमट पाण्यात हात धरा, भेगांना खोबरेल तेल लावून पुसून घ्या, तेलकट बोट पट्टीवरून सरकतं. आणि रात्री लाईट गेली तर कीबोर्ड तसाच राहू द्या, पण तीच पायरी बंद पट्ट्यांवर एकदा करून बघा, मोठा कुठला आणि बारीक कुठला ते मनात ऐकू येतं का. महिन्याभरानं काय ऐकू आलं ते लिहा, पुढच्या अंकात तिथूनच सुरू करू.